दर दोन मिनिटांनी

ताईंच्या खोलीला दोन दारं होती आणि त्या दारांचा ताईंना कोण अभिमान. समोरच्या दारानं माणसानं आत यायचं, तासभर बसायचं, आणि मागच्या दारानं जिना उतरून परस्पर खालच्या बागेत निघून जायचं. येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची गाठ पडता कामा नये म्हणून मधे पंधरा मिनिटांचं अंतर. मागचं दार मुळात नव्हतंच. ते भिंत फोडून काढताना ताई तीन आठवडे सुताराच्या डोक्यावर बसून होत्या. सुतार शेवटी वैतागून म्हणाला होता, "ताई, लोक काय चोरून येतात का तुमच्याकडे?"

"चोरूनच येतात," ताई म्हणाल्या होत्या, "रडायला." त्यावर सुतारानं मुकाट्यानं बिजागऱ्या बसवल्या.

ताई समुपदेशक होत्या. ज्यांचं जवळचं माणूस गेलं त्यांना बोलतं करायचं, आणि ज्यांना आईबाप होणं झेपत नव्हतं त्यांना जरा श्वास घेऊ द्यायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. वहीत त्या कुणाचं नाव लिहीत नसत, फक्त वेळ लिहीत. गुरुवारच्या पानावर 'दोन' आणि 'सव्वातीन' एवढंच. मनातही त्या दोघी त्यांच्यासाठी दोनवाली आणि सव्वातीनवालीच होत्या. वही उद्या कुणाच्या हाती लागलीच, तर त्याला ते बसचं वेळापत्रक वाटलं असतं.

दोनवाली शिवणकाम करायची. लोकांच्या पँटची उंची कमी कर, चेन बदल, उसवलेलं शिव. वर्षभरापूर्वी तिच्या दोन वर्षांच्या मुलाला ताप आला होता. तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून तिनं त्याला टबात बसवलं, आणि टबाच्या काठावर हात टेकून बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. सात मिनिटं. ती नेहमी तसंच मोजून सांगायची, सात मिनिटं. डोळे उघडले तेव्हा सगळं संपलं होतं.

अकरा महिने ती दर गुरुवारी येत होती आणि एकदाही रडली नव्हती. टेबलावरच्या टिश्यूच्या खोक्याला तिचा हात लागला नव्हता. ताईंनी तिला पायऱ्या आखून दिल्या होत्या. आधी लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानासमोरून जायचं, मग दुकानात शिरायचं, मग जिथे मुलं खेळतात तिथे लांब बाकावर बसायचं. "हल्ली बसते मी बागेत," असं तिनं मध्यंतरी सांगितलं, तेव्हा ताईंना मनातून बरं वाटलं होतं. दर वेळी उठताना ताई तिला एकच वाक्य सांगत. "दोष तुमचा नव्हता. थकव्याचा होता." पत्राखाली सही करावी तसं ते वाक्य तासाच्या शेवटी यायचंच. दोनवाली मान हलवायची आणि मागच्या दारानं जायची.

सव्वातीनवालीची गोष्ट निराळी होती. तिचं माणूस गेलं नव्हतं, उलट एक नवीन आलं होतं, आणि ते पुरून उरत होतं. सोळा महिन्यांची पोर, घरात तिला भिंगरी म्हणत, आणि ते नाव ठेवणाऱ्यानं फार विचारपूर्वक ठेवलं असावं. नवरा महिन्यातले सव्वीस दिवस परगावी. ही घरी बसून एका कंपनीचे फोन घ्यायची, म्हणजे कानात दुसऱ्यांच्या तक्रारी आणि पायात भिंगरी. पहिले काही गुरुवार ती पोरीला घेऊनच आली. भिंगरीनं सोफ्याचा हात चावला, कुंडीतली माती चाखली आणि ताईंचा चष्मा खिडकीतून बाहेर धाडायचा दोनदा प्रयत्न केला. ताईंनी तिला सांगितलं, "मदत मागायला शिका. कुणाकडे तरी तासभर ठेवून या."

आणि नऊ आठवड्यांपूर्वी ती खरंच एकटी आली. "ओळखीच्या एक बाई आहेत," ती म्हणाली. "त्यांच्याकडे ठेवलंय." ताईंनी त्या दिवशी वहीत 'सव्वातीन'पुढे एक छोटी चांदणी काढली. आता असल्या चांदण्या माणूस दुसऱ्याला देतो की स्वतःला, हे ताईंना कुणी विचारायला हवं होतं. पण विचारणार कोण?

त्या गुरुवारी सव्वातीनवाली सोफ्यात रुतून बसली होती. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. बोलत होती ते नेहमीचंच, पोर झोपत नाही, झोपली की फोन वाजतो, फोन ठेवला की पोर उठते. आणि बाहेरून कुठूनतरी मोबाइलचा गजर वाजत होता. किणकिण व्हायची, थांबायची. ताईंनी दुर्लक्ष केलं. थोड्या वेळानं पुन्हा किणकिण. चौथ्या वेळी ताईंनी घड्याळात पाहिलं. बरोबर दर दोन मिनिटांनी.

"कुणाचा गजर आहे कुणास ठाऊक," ताई म्हणाल्या. "त्रास होतोय का तुम्हाला?"

"नाही, नाही. वाजू दे की," सव्वातीनवाली म्हणाली. ताईंच्या लक्षात आलं होतं की गजर वाजला की तिचे खांदे जरा खाली येतात. उलटच काहीतरी, त्यांना वाटलं, आवाजानं माणसाचे खांदे वर जातात. पण बोलताना मन बाहेर जाता कामा नये, हा त्यांचा नियम. त्या उठल्या. खिडकीच्या खालच्या काचा दुधी होत्या, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत दिसू नये म्हणून मुद्दाम बसवलेल्या. वरची झडप तेवढी उघडी होती. ताईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि झडपेला हात घातला. इतक्या वर्षांत त्या झडपेतून त्यांनी कधी खाली पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं.

खाली बाग होती. घसरगुंडी, दोन बाक, पलीकडे कुंपणाच्या झुडपांआड पाण्याचा हौद. एका बाकावर दोनवाली बसली होती. पाऊण तासापूर्वी याच खोलीतून मागच्या दारानं गेलेली, तोच निळा सदरा, गळ्यात विसरून राहिलेली मापाची टेप. आणि तिच्या पुढ्यात, मातीत, एक मूल. ते मूल ताईंनी लगेच ओळखलं. सोफ्याचा हात चावणाऱ्याला माणूस सहज विसरत नाही.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते ताईंना त्या क्षणी कळलं, आणि पायाखाली जमीनही नव्हती, तीन पायांचं स्टूल होतं. त्यांनी चौकट घट्ट धरली. दोनवालीनं पिशवीतून एक लांब पट्टा काढला. तो तिनं भिंगरीच्या कमरेभोवती घातला आणि ओढून बांधला. ती त्या पोरीला बांधत होती. ताईंच्या हातांनी सवयीनं जे करायचं ते केलं. झडप लावून टाकली.

"ताई, उघडी राहू दे ना," मागून सव्वातीनवाली म्हणाली.

"गार वारा येतोय," ताई म्हणाल्या. वारा अजिबात नव्हता.

त्या खाली उतरल्या, खुर्चीत बसल्या, वही उघडली. 'सव्वातीन'. चांदणी. ओळखीच्या एक बाई. समोरच्या बाईला काहीच ठाऊक नाही. आपलं मूल कुणाच्या हातात दिलंय हे तिला माहीत नाही, आणि मला माहीत आहे. जगात या क्षणी ते फक्त मला माहीत आहे.

आणि सांगायची सोय नाही. बावीस वर्षांत या खोलीतला एक शब्द ताईंनी बाहेर नेला नव्हता. घरी नवरा गमतीनं म्हणायचा, तुझ्या पोटात एवढं राहतं, म्हणून तुला जेवण कमी लागतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला त्या सांगायच्या, "इथलं इथेच राहील. कुणाच्या जिवाला धोका असेल, तरच मी तोंड उघडेन." ते 'तरच' कधी वापरायची वेळ आली नव्हती. आता ते त्यांच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजत होतं.

"त्या बाई," ताईंनी आवाज शक्य तितका सपाट ठेवला, "तुम्ही ज्यांच्याकडे भिंगरीला ठेवता. किती ओळखता त्यांना?"

सव्वातीनवाली सावध झाली. "ओळखते की चांगली."

"म्हणजे घरी जाणं-येणं आहे?"

"नाही, तसं नाही. पण..." तिनं दुधी काचेकडे पाहिलं. "ताई, ती खिडकी उघडता का जरा? कोंडल्यासारखं होतंय."

तिचे खांदे आता कानांपर्यंत गेले होते. गुडघा हलत होता. ताईंना वाटलं, आईच्या मनाला काहीतरी लागलंय, तिलाच आतून जाणवतंय. त्या ताडकन उठल्या आणि पुन्हा स्टुलावर चढल्या. झडप उघडली.

बाक रिकामा होता.

घसरगुंडी रिकामी, दुसरा बाक रिकामा. झुडपांच्या फटीतून निळा सदरा पुढे सरकताना दिसला, वाकलेला, एक हात खाली धरलेला. चालला होता हौदाकडे. मग झुडपांनी तोही गिळला. ताई कान देऊन उभ्या राहिल्या. गजरसुद्धा ऐकू येत नव्हता.

"खाली चला," ताई म्हणाल्या.

"काय झालं?"

"चला म्हणते ना!" ताईंच्या तोंडून असा आवाज त्या खोलीनं कधी ऐकला नसेल. त्यांनी मागचं दार धाडकन उघडलं आणि जिना उतरायला लागल्या. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांनी कटकट करणारी बाई दोन-दोन पायऱ्या गाळत होती. मागून सव्वातीनवाली धावत होती आणि विचारत होती, अहो ताई, काय झालं, सांगाल का. सांगायला ताईंकडे श्वास नव्हता. डोक्यात एकच आकडा होता. सात मिनिटं. झडप लावून आपण किती वेळ बसलो? तीन? पाच?

झुडपांना वळसा घालून त्या हौदापाशी पोहोचल्या. दोनवाली तिथेच होती. नळ चालू होता. भिंगरीचे हात कोपरापर्यंत चिखलात होते आणि दोनवाली मगनं त्यावर पाणी ओतत होती. पोर खिदळत होती. पण हे सगळं ताईंना दिसलं ते नंतर. आधी त्यांना पाणी दिसलं, आणि त्यांचं तोंड उघडलं.

"घ्या तिला! आधी पोरीला घ्या!" त्या सव्वातीनवालीच्या दंडाला धरून ओरडल्या. "यांच्याजवळ नका ठेवू. पाण्यापाशी तर... अहो, यांच्या हातून यांचा मुलगा..."

तिथे त्या थांबल्या. पण वाक्य कुठे चाललं होतं ते तिघींनाही कळलं होतं.

दोनवालीच्या हातातला मग तसाच राहिला. नळ वाहत होता. भिंगरीनं तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ओले हात दोनवालीच्या सदऱ्याला पुसले.

"मला माहीत आहे, ताई," सव्वातीनवाली म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"टब. सात मिनिटं. पहिल्या दिवशीच सांगितलं त्यांनी मला." तिला धाप लागली होती, पण आवाज शांत होता. "मी लवकर येऊन बागेत थांबले होते, भिंगरी रडत होती, मला उभ्या उभ्या झापड येत होती. या मागच्या जिन्यानं उतरल्या. म्हणाल्या, मी धरू का जरा? आणि मी हात पुढे केले तर म्हणाल्या, थांबा, आधी माझं ऐका, मग ठरवा."

"आणि ऐकून तुम्ही..."

"दिली. असं मूल गेलेली बाई जेवढी नजर ठेवेल तेवढी मी तरी ठेवते का? त्याच आठवड्यात फोनवर बोलता बोलता मला डुलकी लागली. उठले तर ही गॅलरीत खुर्चीवर चढून उभी. खाली तीन मजले. हे तुम्हाला नाही सांगितलं मी. तुम्ही वहीत लिहिता. यांना सांगितलं."

मघाशी वरून दिसलं नव्हतं ते सगळं ताईंना आता दिसू लागलं, आणि एकेक गोष्ट थोबाडीत बसावी तशी बसत होती. तो पट्टा जाड कापडाचा होता, दुहेरी शिवण घातलेला, पोरीच्या कमरेपाशी मऊ अस्तर लावलेलं. दुसरं टोक दोनवालीच्या मनगटाला दोन वेढे घालून बांधलेलं. ती हौदाकडे पाठ करून उभी होती. पोर एका बाजूला, हौद दुसऱ्या बाजूला आणि मधे ती. हौदावर झाकण होतं, आणि झाकणावर तिनं आपली पिशवी ठेवली होती.

आणि पिशवीत मोबाइल वाजला. किणकिण. झुडपांआड दबलेला तो आवाज वर कसा पोहोचणार? दोनवालीनं गजर बंद केला, पण त्याआधी पोरीकडे पाहिलं, पट्ट्याला एक हिसका देऊन गाठ तपासली.

"डोळा लागू नये म्हणून लावते," ती म्हणाली, तेही सव्वातीनवालीलाच, ताईंना नाही.

"मला वर ऐकू येतो," सव्वातीनवाली म्हणाली. "तो वाजला की मला बरं वाटतं. म्हणून म्हणत होते खिडकी उघडा."

मग दोनवाली ताईंकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर ताईंना सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे ताईंना बावीस वर्षं येत होतं. तो नुसता पांढराफटक पडलेला चेहरा होता.

"तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही आम्ही," ती म्हणाली. "तुमचा नियम मोडला होता ना. शाळेतल्या मुलींसारखं लपवत होतो, आणि हसतही होतो त्यावर. मी हसत होते, ताई." तिनं नळ बंद केला. "पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतंत. कुणाच्या जिवाला धोका असेल, तरच तोंड उघडेन."

"हो."

"म्हणजे धोका मी."

ताईंच्या ओठांवर त्यांचं वाक्य आलं. दोष तुमचा नव्हता. अकरा महिने, दर गुरुवारी, तासाच्या शेवटी. आत्ता ते तोंडातून बाहेर काढायचं म्हटलं तर जीभ उचलेना. अकरा महिने ही बाई मान हलवून मागच्या दारानं गेली, ती आपलं पटलं म्हणून जात नव्हती, हे ताईंना आज कळलं. तिला ठाऊक होतं की हे वाक्य दारापर्यंतच टिकतं.

सव्वातीनवालीनं घड्याळ पाहिलं. "ताई, माझी अजून वीस मिनिटं उरलीत ना?"

ताईंनी कशीबशी मान हलवली.

"मग मी वर जाऊन तुमच्या सोफ्यावर झोपते. खरंच झोपते. तुम्हाला दोघींना बोलायचं असेल." तिनं भिंगरीच्या डोक्यावर हात फिरवला, पोरीनं तो झटकला, आणि ती खरोखरच जिना चढून गेली. लेक कुणाच्या हाती आहे हे पुरतं माहीत असलेली आई एकदाही मागे वळली नाही.

दोघी बाकावर येऊन बसल्या. भिंगरी पुन्हा मातीत. पट्टा मधे सैल पडलेला.

"खरं सांगा," दोनवाली म्हणाली. "तुम्हाला पहिल्यापासून माझाच दोष वाटत होता ना?"

ताईंना लाज वाटली. अशी लाज त्यांना लहानपणानंतर वाटली नव्हती. "मला वाटत होतं की वाटत नाही," त्या म्हणाल्या. "खिडकीतून तुम्हाला पाहिलं, आणि वाटला. मला माफ करा."

दोनवालीनं पट्ट्याची गाठ पुन्हा एकदा तपासली.

"सगळे म्हणतात, तुझा दोष नाही," ती म्हणाली. "नवरा म्हणतो, आई म्हणते, शेजारीण म्हणते. तुम्ही तर अकरा महिने म्हणालात. मग मी बोलणार कुणाशी? मला तर तेच बोलायचं होतं. की मी झोपले, ताई. मला जाग यायला हवी होती आणि नाही आली. त्यानं हाक मारली असेल का? एवढंच मला कुणालातरी विचारायचं होतं."

ताई बाकावर तिच्याजवळ सरकल्या.

दोनवालीनं मनगटावरचे वेढे सोडवले, एक, दोन, आणि पट्ट्याचं टोक ताईंपुढे धरलं.

"हे धरा जरा," ती म्हणाली. "दोन मिनिटं. घट्ट."

ताईंनी टोक घेतलं, मनगटाला दोन वेढे घातले आणि मुठीत आवळलं. तेव्हा कुठे दोनवालीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. अकरा महिन्यांचं रडणं होतं ते, गळ्यातून नाही, पोटातून येणारं. बाक हलत होता. टिश्यूचं खोकं वरच्या मजल्यावर राहिलं होतं.

अशा वेळी समोरच्या माणसाकडे पाहायचं, नजर हटवायची नाही, हे ताईंनी आजवर किती जणांना शिकवलं होतं. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. भिंगरी मुठीनं माती उचलून स्वतःच्या डोक्यावर ओतत होती, आणि ताई पापणी न लववता तिच्याकडे बघत गजर वाजायची वाट पाहत होत्या.